चिमटा सुटता सुटेना!

दोस्तांनो, घरी किंवा शेजारी मोटारसायकल असेल तर हा अंक हातात घेऊनच तिच्या मागे जा आणि उकिडवे बसा. गाडी बंद असू दे. नुकतीच फिरून आली असेल तर सायलेन्सरपासून लांब राहा, चटका बसेल. आता मागचं चाक कशानं धरलंय ते बघा. चाकाच्या दोन्ही अंगांना दोन दांडे दिसतील. ते पुढे जाऊन इंजिनाच्या मागे एकमेकांना जोडलेले असतात. फुलका शेकताना आई (आणि हल्ली पुष्कळ घरांत बाबासुद्धा) तो चिमट्यात धरते ना, अगदी तसंच हे चाक धरलेलं असतं. म्हणून गॅरेजमध्ये या भागाला म्हणतातच मुळी चिमटा! कंपनीच्या पुस्तकात त्याचं नाव आहे स्विंग आर्म, म्हणजे झुलणारा हात. मला विचाराल तर चिमटाच बरा. ऐकल्याबरोबर डोळ्यांसमोर उभा राहतो.

हा चिमटा जुन्या गाडीतून काढणं म्हणजे मोठं दिव्य असतं. वाटतं असं, की एकच तर बोल्ट आहे, नट सोडला की झालं. पण वीस-तीस वर्षं त्या बोल्टाला कुणी हात लावलेला नसेल, तर भलेभले मिस्त्री डोक्याला हात लावून बसतात. असं होतं तरी का, आणि मग करतात काय, ते आज बघू.

दाराला बिजागरी, चाकाला चिमटा

आधी साधी सायकल आठवा. तिचं मागचं चाक फ्रेममध्ये पक्कं बसवलेलं असतं. खड्डा आला की चाक उडतं, चाकाबरोबर फ्रेम उडते, फ्रेमबरोबर सीट आणि सीटबरोबर तुम्ही! सुरुवातीच्या मोटारसायकलीही अशाच होत्या. सीटखाली जाडजूड स्प्रिंगा लावायच्या आणि दात घट्ट मिटून बसायचं, एवढाच काय तो उपाय.

मग युक्ती निघाली, ती दाराच्या बिजागरीसारखी. चिमट्याचं पुढचं टोक फ्रेमला असं जोडायचं की तो त्या सांध्याभोवती वरखाली हलू शकेल. मागच्या टोकाला चाक. चिमटा आणि फ्रेम यांच्या मध्ये दोन शॉकअप. आता खड्डा आला की चाक एकटंच वर जातं आणि खाली येतं. स्वार आपला जागच्या जागी.

ही युक्ती सगळीकडे रुळायला बराच काळ जावा लागला. १९४८ साली इंग्लंडात रॉयल एनफिल्डनं बुलेटचा नवा नमुना असा झुलता चिमटा लावून खडतर वाटेवरच्या चाचणी-शर्यतीत उतरवला, तेव्हा हे चाक असं हलतं-डुलतं ठेवून कसं चालेल, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बुलेटवरच्या दोन स्वारांनी सुवर्णपदकं मिळवली. शंकेखोर गप्प झाले असतील!

तिकडे चेकोस्लोवाकियात जावा कंपनीची गंमत तर आणखीच मजेदार. १९४६ साली त्यांनी काढलेल्या गाडीत मागच्या चाकाजवळ उभ्या नळ्यांत स्प्रिंगा होत्या. लोकांनी तिचं नाव पाडलं ‘पेराक’, म्हणजे स्प्रिंगवाली. १९५४ मध्ये चिमट्याची गाडी आली. तिचं नाव पडलं ‘कीवाचका’, म्हणजे झुलणारी! १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात जी जावा बनायला लागली, ती या कीवाचकाचीच धाकटी बहीण. तुमच्या आजोबांनी तरुणपणी जावा चालवली असेल, तर एवढं सांगून बघा, खूश होतील.

सांध्याच्या पोटात काय असतं?

१९८० नंतर आपल्याकडे शंभर सीसीच्या हलक्या गाड्या आल्या. यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज केबी १०० वगैरे. त्यांच्या काळातल्या गाड्यांत हा सांधा साधारण असा असतो. फ्रेमला दोन कान असतात, डावा आणि उजवा. त्या दोन कानांच्या मधोमध चिमट्याचं पुढचं टोक बसतं. ते टोक म्हणजे एक आडवी नळी. नळीच्या दोन्ही तोंडांशी बुश ठोकलेले असतात. बुश म्हणजे कडं समजा. काही गाड्यांत ते धातूचे असतात, काहींत कडक प्लॅस्टिकचे, काहींत रबराचे. बुशांच्या आतून एक पोलादी नळी जाते, तिला स्लीव्ह म्हणतात. आणि स्लीव्हच्या आतून, फ्रेमच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आरपार, एक लांबलचक बोल्ट. एका बाजूला त्याचं डोकं, दुसऱ्या बाजूला नट.

नट आवळला की दोन्ही कान स्लीव्हला दाबून धरतात. म्हणजे बोल्ट आणि स्लीव्ह दोघंही स्थिर. फिरतात ते फक्त बुश, आणि त्यांच्याबरोबर चिमटा. एवढं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळी मारामारी याच्यावरूनच होणार आहे.

बुश झिजले की चिमटा डुगडुगायला लागतो. किती झिजले म्हणजे? समजा दोन बुश एकमेकांपासून वीस सेंटिमीटरवर आहेत आणि प्रत्येकात अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण चाकाचं मागचं टोक सांध्यापासून पाऊण मीटर लांब. तिथे तीच ढिलाई जवळजवळ चौपट होते, दोन मिलिमीटर! लांब काठीचं टोक हातातल्या टोकापेक्षा जास्त हलतं, तसंच. वळणावर गाडी कलली की मागचं चाक आपल्या मनानं थोडं इकडे, थोडं तिकडे जातं. स्वाराला वाटतं चाकात हवा कमी आहे. हवा भरून येतो, आणि गाडी पुन्हा तशीच!

गुरुजींची गाडी

२०२४ च्या पावसाळ्यानंतर रत्नागिरीतल्या एका गॅरेजमध्ये मी अशीच एक शंभर सीसीची गाडी पाहिली. गाडी होती एका निवृत्त गुरुजींची, १९८९ साली घेतलेली. आपल्याकडे दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन नोंदणी वाढवावी लागते. याला सगळे पासिंग म्हणतात. गुरुजींच्या गाडीचं पासिंग २००४, २००९, २०१४, २०१९ असं होत आलं होतं. आता पुन्हा तारीख जवळ आली होती, आणि मागचं चाक हातानं हलवलं की टक टक वाजत होतं. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला होता म्हणे! गुरुजींची आठवीतली नात त्यांच्याबरोबर आली होती. तिला हा भंगारवाला अजिबात आवडला नव्हता.

मिस्त्रींनी चेन उतरवली, चाक काढलं, शॉकअप सोडले. चिमट्याच्या बोल्टाचा नट थोडा कुरकुरला आणि सुटला. मग बोल्ट बाहेर ढकलायला गेले तर तो जागचा हलेना.

“जाम झालाय,” मिस्त्री म्हणाले. “गुरुजी, गाडी ठेवून जा. दोन-तीन दिवस लागतील.”

“हातोड्यानं ठोका ना काका,” नात म्हणाली.

“ठोकला तर टोक फुलेल बाळा. मग तो या भोकातून कधीच बाहेर यायचा नाही.”

आणि हे अगदी खरं आहे. घरातली जुनी छिन्नी बघा. हातोड्याचे घाव खाऊन खाऊन तिचं डोकं छत्रीसारखं पसरलेलं असतं. बोल्टाचंही तसंच होतं. चिडून चार घाव जास्त घातले की बोल्टाचं टोक भोकापेक्षा जाड होतं, आणि मग आपणच आपल्या हातानं त्याला आत कोंडून ठेवतो. म्हणून ठोकायचंच झालं तर जाणकार माणूस नट पुन्हा टोकाशी बरोबर बसेल इतका चढवून ठेवतो, मध्ये पितळेचा तुकडा धरतो आणि बेतानं ठोकतो. पितळ मऊ, ते स्वतः चेपतं आणि बोल्टाला वाचवतं.

गंज जागा मागतो

पण बोल्ट अडकतो कशानं? आत ना खिळा, ना गोंद. त्याला धरून ठेवणारा असतो गंज.

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो, हे तुम्ही शाळेत शिकलात. एक गोष्ट मात्र पुस्तकात चटकन डोळ्यांत भरत नाही. जेवढं लोखंड गंजतं, त्याच्यापेक्षा तयार झालेला गंज जास्त जागा व्यापतो. दुपटीहूनही जास्त! उघड्यावरचा खिळा गंजला तर काही बिघडत नाही, गंज बाहेर फुगतो आणि टवके होऊन गळून पडतो. पण बोल्ट आणि स्लीव्ह यांच्यामधली फट केसाएवढीसुद्धा नसते. तिथे गंज फुगणार कुठे? तो दोन्हीकडे दाबत बसतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत कसं घट्ट बसतं! तिथे लाकूड पाणी पिऊन फुगतं, इथे लोखंडाचा गंज होऊन तो फुगतो. कारण वेगळं, पण धक्के मारणाऱ्याची अवस्था तीच.

हा दाब साधासुधा नसतो बरं का. जुन्या इमारतींच्या छताचे पोपडे पडून आतली सळई उघडी पडलेली पाहिलीत ना? ते काम याच गंजाचं. सळई गंजते, फुगते आणि आतून सिमेंट-काँक्रीट फोडते. काँक्रीट फोडणाऱ्याला एक बोल्ट धरून ठेवणं काय जड! त्यातून कोकणात धो धो पाऊस आणि समुद्राची खारी हवा. मीठ असलेल्या पाण्यात लोखंड आणखी लवकर गंजतं.

मग त्यावर उपाय? ग्रीस! बोल्ट बसवतानाच त्याला ग्रीस फासलं तर पाणी आत शिरायला वावच राहत नाही. पण वर्षं गेली की ग्रीस सुकतं, आणि चिमट्याचा बोल्ट काढून त्याला नवं ग्रीस लावणं हे असं काम आहे की जे ‘पुढच्या वेळी करू’ म्हणून राहून जातं.

तेल, पाना आणि फसवा आनंद

पहिल्या संध्याकाळी मिस्त्रींनी फक्त तेल सोडलं. गंज सोडवायचं पातळ तेल हल्ली फवाऱ्याच्या डब्यात मिळतं. पूर्वी रॉकेल आणि डिझेल वापरायचे. तेल पातळच का हवं? स्टोव्हच्या किंवा कंदिलाच्या वातीतून रॉकेल आपोआप वर चढतं. फट जितकी बारीक तितकं पातळ तेल तिच्यात जास्त ओढलं जातं. याला केशाकर्षण म्हणतात. पण ते हळूहळू होतं. घाई करून उपयोग नाही. रात्री तेल सोडायचं, दिवा मालवायचा आणि घरी जायचं! हे काम न करता करायचं काम आहे, आणि मला वाटतं म्हणूनच ते सगळ्यांत अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेल. मग मिस्त्रींनी बोल्टाच्या डोक्याला रिंग पाना लावला. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं फिरवायचं. असं का, तर हिशेब करून बघा. बोल्टाची जाडी १४ मिलिमीटर धरली तर त्याची त्रिज्या झाली ७ मिलिमीटर. पान्याची लांबी पाईप लावून ४२ सेंटिमीटर केली, म्हणजे ४२० मिलिमीटर. ४२० भागिले ७, बरोबर ६०. तुम्ही पान्याच्या टोकाला वीस किलो वजनाएवढा जोर लावलात तर बोल्टाच्या अंगावर तो बाराशे किलोएवढा लागतो. तरफेची करामत! पण हाच जोर बेताल झाला तर बोल्ट पिळवटून तुटतो. म्हणून थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, पुन्हा थोडं उजवीकडे, असं चुचकारत फिरवायचं.

आणि काय सांगू! करकर आवाज झाला आणि बोल्ट फिरला. नातीनं टाळ्याच पिटल्या.

मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी बॅटरी घेतली आणि चिमटा व फ्रेमचा कान यांच्यामधल्या फटीत प्रकाश टाकला. मग तिला म्हणाले, “मी फिरवतो, तू आत बघ. काय फिरतंय?”

फटीतून स्लीव्हची कड दिसत होती. तीही फिरत होती! म्हणजे बोल्ट सुटला नव्हता. बोल्ट आणि स्लीव्ह गंजानं एकजीव झाले होते, आणि दोघं मिळून बुशांमध्ये गरागरा फिरत होते. नट सैल झाल्यामुळे कानांनी स्लीव्हला धरून ठेवणंही संपलं होतं. आता मघाची रचना आठवा. स्लीव्ह दोन कानांच्या मध्ये आहे आणि कानातली भोकं फक्त बोल्टापुरती आहेत. बोल्ट बाहेर ढकलला की स्लीव्ह त्याच्याबरोबर सरकते आणि कानाला जाऊन टेकते. तिला कानातून बाहेर पडायला वाट नाही. तिनं बोल्टाचा हात सोडल्याशिवाय बोल्ट येणार नाही, आणि ती तर सोडायला तयार नाही.

धाव चढवणारा लोहार

उरला विस्तव. खेड्यात राहणाऱ्यांनी किंवा आजी-आजोबांकडून ऐकलेल्यांनी बैलगाडीच्या चाकावर धाव चढवण्याची गंमत ओळखली असेल. चाकाभोवतीच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. लोहार ती चाकापेक्षा जराशी लहान करतो. मग गोवऱ्या रचून तापवतो. तापली की ती प्रसरण पावते, मोठी होते, आणि लाकडी चाकावर बसते. वरून पाणी ओतलं की आकसते आणि चाकाला अशी आवळते की पुन्हा निघायचं नाव नको.

मिस्त्रींना तेच उलट करायचं होतं. बाहेरचं तापवायचं, म्हणजे त्याचं भोक मोठं होईल, आणि आतला बोल्ट थंड असतानाच त्याला ढकलायचं. भोक किती मोठं होतं? पोलाद शंभर अंशांनी तापलं तर एक मीटर लांबीमागे सुमारे १.२ मिलिमीटर वाढतं. आपलं भोक १४ मिलिमीटरचं. दोनशे अंशांनी तापवलं तर ते वाढणार ०.०३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या निम्मं! एवढ्याशासाठी एवढा खटाटोप? हो, कारण गंज ठिसूळ असतो. लोखंड फुगताना आणि आकसताना त्याला बारीक बारीक तडे जातात, आणि त्या तड्यांतून तेल आत शिरतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. विस्तव पेटवण्याआधी मिस्त्रींनी पेट्रोलची टाकी काढली आणि गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला, अंगणात नेऊन ठेवली. तेलानं माखलेली फडकी उचलली, सांधा पुसून कोरडा केला, वाळूची बादली जवळ ठेवली. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ जास्त घातक. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते आणि दिसत नाही. नातीला त्यांनी दाराबाहेर उभं केलं. तिनं तोंड वाकडं केलं, पण गुरुजींनी डोळे वटारले. (पालकांनो, हे काम घरी जिन्याखाली करायचं नाही. मुलांसमोर तर नाहीच नाही.)

दहा मिनिटं ज्योत फिरवल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. बुश गेले! पण ते तसेही बदलायचेच होते. मग मिस्त्रींनी भक्कम लोखंडी शिकंजा लावला. सुतारकाम करणाऱ्यांकडे लाकूड दाबून धरायला असतो, तसा, पण जाडजूड. एका बाजूला स्क्रूचं टोक बोल्टाच्या टोकावर, दुसऱ्या बाजूला बोल्टाचं डोकं आत मावेल असा पाईपचा तुकडा फ्रेमच्या कानावर. शिकंजा हातोड्यासारखा एका क्षणात दणका देऊन थांबत नाही. तो दाबतो आणि दाबूनच ठेवतो. स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, थांबायचं. पुन्हा अर्धा आटा.

टण्ण! बोल्ट दोन सूत बाहेर आला. दोन सूत म्हणजे पाव इंच. गुरुजी खुर्चीवरून उठले.

आणखी अर्धा आटा. काही नाही. आणखी अर्धा. तेवढ्यात दारातून नात ओरडली, “काका, तिथला रंग फुटतोय!”

फ्रेमचा कान जिथे वेल्डिंगनं जोडलेला होता, तिथे काळ्या रंगाला केसासारखी रेघ पडली होती. मिस्त्रींनी ताबडतोब शिकंजा सैल सोडला. पोरीची नजर चांगली! रंग ताणला जात नाही, तो तडकतो. त्याला रेघ पडली याचा अर्थ खालचं लोखंड हलू लागलं होतं. बोल्टाऐवजी फ्रेमचा कानच वाकू पाहत होता. बोटभर कापडानं पुसून, भिंग लावून त्यांनी वेल्डिंग तपासलं. लोखंडाला तडा नव्हता, नुसता रंग गेला होता.

कुणाला वाचवायचं?

दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मग मिस्त्री म्हणाले, “गुरुजी, बोल्ट कापतो.”

गुरुजींना ते आवडलं नाही हे दिसत होतं. पस्तीस वर्षं गाडीचा एकेक मूळ भाग त्यांनी जपला होता. पण मिस्त्रींचं म्हणणं बिनतोड होतं. बोल्ट, स्लीव्ह, बुश बाजारात नवे मिळतात. चिमटाही शोधला तर मिळतो. फ्रेमचं तसं नाही. गाडीचा चॅसी नंबर फ्रेमवर कोरलेला असतो, तोच नोंदणीच्या कागदावर असतो. फ्रेम मोडली की गाडीची ओळखच मोडली. दुसरी फ्रेम घालायची म्हणजे कागदपत्रांची केवढी यातायात! आणि वाकलेली फ्रेम पासिंगला नेणं म्हणजे भंगारवाल्याला घरचा पत्ता देणं. जो भाग बाजारात मिळतो तो द्यायचा, मिळत नाही तो ठेवायचा. गुरुजींनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी कापणं सुरू झालं. चिमटा आणि कान यांच्यामध्ये पत्र्याचं एक पातळ टोपण होतं, ते उचकटून काढलं तेव्हा फट झाली जेमतेम दोन मिलिमीटर. त्यात हॅक्सॉची आख्खी चौकट जात नाही. मग नुसतं पातं घ्यायचं, एका टोकाला जाड कापड गुंडाळायचं आणि हातानं पुढे-मागे, पुढे-मागे. मध्ये मध्ये तेलाचा थेंब. बोल्टाचं पोलाद चिवट. एका बाजूला दीड तास लागला आणि तीन पाती बोथट झाली. वीजेवरचं कटर होतं की शेजारी, पण त्याची चकती त्या फटीत मावली नसती आणि फ्रेम खरवडली असती. दुसरी बाजू जेवणानंतर. मिस्त्रींच्या तळहाताला फोड आले होते, तरी शेवटचा अर्धा सूत त्यांनी दुसऱ्या कुणाला कापू दिला नाही.

चारच्या सुमाराला ‘टक’ असा बारीक आवाज झाला आणि चिमटा खाली आला. इतका सहज, की गुरुजींनी तो झेलला नसता तर पायावर पडला असता. कानांत अडकलेले बोल्टाचे दोन तुकडे पंचच्या एकेका टिचकीनं निघाले. आणि मधला तुकडा? तो स्लीव्हसकट बुशांमधून हातानंच बाहेर आला. तिथे तो आधीपासून फिरतच होता ना!

लेथवाल्याकडे नेऊन तो तुकडा उभा कापून घेतला, तेव्हा सगळं कळलं. दोन्ही टोकांशी मेणासारखं सुकलेलं जुनं ग्रीस होतं आणि तिथला पोलाद अजून चकचकीत होता. मधल्या भागात ग्रीसचा मागमूस नव्हता. नातीनं बोट फिरवलं तर काळपट-तांबडी भुकटी लागली. बोल्ट कुठे संपतो आणि स्लीव्ह कुठे सुरू होते, ते सांगता येत नव्हतं. तेल इतक्या आत पोचलंच नव्हतं.

पुढचं काम तसं सरळ. चिमट्याची नळी आतून घासून स्वच्छ केली, नवे बुश दाबून बसवले, ते स्लीव्हवर अडखळत नाहीत ना ते पाहिलं. फ्रेमच्या कानाला गेलेल्या रंगावर नवा रंग लावला. नव्या बोल्टाला टोकापासून टोकापर्यंत ग्रीस फासायचं काम नातीनं मागून घेतलं. कोपरापर्यंत माखली! मधल्या भागात तिनं जरा जास्तच फासलं.

आता तुम्ही ज्या गाडीच्या मागे बसला आहात, तिचं बघू. घरातल्या मोठ्या माणसाला गाडी मोठ्या स्टँडवर लावायला सांगा. एकानं गाडी घट्ट धरायची, दुसऱ्यानं मागच्या चाकाचं मागचं टोक धरून आडवं हलवायचं, डावीकडे-उजवीकडे. तिसऱ्यानं चिमटा फ्रेमला जिथे जोडलाय तिथे बोट टेकवायचं. चाक हललं नाही तर उत्तम. चाक हललं, पण बोटाखाली काहीच जाणवलं नाही, तर चाकाचे बेअरिंग बघायला हवेत. आणि बोटाखाली टक टक लागलं, तर मिस्त्रींना सांगा की चिमट्याचे बुश गेलेत. वर हेही विचारा, की बोल्ट शेवटचा कधी काढला होता?